इंग्रजी निबंधातली मन वळवणारी भाषा: 'वाचकावर परिणाम होतो' म्हणजे नेमकं काय होतं?

शाईपेन

नमनाला घडाभर तेल न घालता मुद्द्यावर येते. इंग्रजी निबंधांचं भाषिक विश्लेषण ज्यांनी केलंय किंवा तपासलंय, त्यांच्या चांगल्या ओळखीचं एक वाक्य आहे: 'लेखकाने इथे रेटॉरिकल क्वेश्चन (उत्तराची अपेक्षा नसलेला प्रश्न) वापरला आहे, त्यामुळे वाचक विचार करायला प्रवृत्त होतो.' प्रश्नाच्या जागी रूपक घाला, आकडेवारी घाला, तीनदा आलेला एखादा शब्द घाला, साचा तोच. रूपक असेल तर डोळ्यांसमोर चित्र उभं राहतं, आकडे असतील तर विश्वास बसतो, भावनिक शब्द असतील तर सहानुभूती वाटते. असे निबंध मी गठ्ठ्याने वाचते. लिहिणारी मुलं हुशार असतात. क्लृप्ती अचूक हेरतात, तिचं ग्रीक नावही बिनचूक लिहितात, आणि परिणामाच्या वाक्यापाशी आली की पाट्या टाकतात.

यात मुलांपेक्षा शिकवण्याचा दोष जास्त. ॲरिस्टॉटलचे ईथॉस (बोलणाऱ्याची विश्वासार्हता), पॅथॉस (भावना), लोगॉस (तर्क) असे तीन खण हातात दिले जातात, सोबत तीस-चाळीस क्लृप्त्यांची यादी, की मग विश्लेषण म्हणजे नुसते खण भरणं होतं. गंमत अशी की खुद्द ॲरिस्टॉटल 'ऱ्हेटरिक' या वक्तृत्वावरच्या ग्रंथाच्या दुसऱ्या भागात राग, भीती, दया, लाज अशी एकेक भावना घेऊन विचारतो की ती वाटते तेव्हा माणसाची मनःस्थिती काय असते, ती कोणाबद्दल वाटते, आणि कोणत्या कारणाने वाटते. त्याची नजर ऐकणाऱ्यावर होती. आपण तीन नावं तेवढी उचलली.

माझं म्हणणं एवढंच आहे: परिणाम क्लृप्तीच्या नावात सापडणार नाही. वाक्य सुरू होण्याआधी वाचक काय मानत होता आणि वाक्य संपल्यावर त्याला काय नाकारणं अवघड झालं, हे सांगता आलं तर परिणाम सांगितला. एरवी ती नुसती पावती.

उदाहरण घेते. जॉर्ज ऑर्वेलचा १९४६ मधला 'पॉलिटिक्स अँड द इंग्लिश लँग्वेज'. पहिल्याच वाक्यात तो म्हणतो की या विषयाची मुळात फिकीर करणारे बहुतेक लोक कबूल करतील की इंग्रजीची अवस्था वाईट आहे. यादी घेऊन शोधायला गेलात तर हाती काही लागणार नाही. ना रूपक, ना प्रश्न, ना आकडा. पण काम बघा. 'मुळात फिकीर करणारे' म्हटल्याबरोबर जगाचे दोन गट पडले, आणि निबंध उघडून बसलेला माणूस आपसूक फिकीर करणाऱ्यांत जमा झाला. 'कबूल करतील' हे क्रियापद तर फारच बेरकी. जे खरं आहे तेच माणूस कबूल करतो. 'म्हणतील' असं असतं तर दावा वादाला खुला राहिला असता. इथे इंग्रजी खरंच खालावली आहे का, हा प्रश्न कोणी विचारायच्या आतच निकालात निघाला. वाक्याच्या उरलेल्या भागात तो सांगतो की याबाबत जाणूनबुजून काही करता येणार नाही, असं सर्वसाधारणपणे गृहीत धरलं जातं. कोण धरतं? पत्ता नाही. कर्ता गायब, आणि तोही अशा निबंधात जिथे पुढे 'कर्तरी चालत असेल तिथे कर्मणी वापरू नका' हा नियम येतो! पण साधलं काय, तर विरोधी मताला चेहराच उरला नाही. त्याची बाजू घ्यायची म्हटली तरी कोणाची घेणार?

दुसरं उदाहरण आकड्यांचं, कारण 'आकडेवारीमुळे लेखकाची विश्वासार्हता वाढते' हे वाक्य मला सगळ्यात जास्त छळतं. जोनाथन स्विफ्टचा 'अ मॉडेस्ट प्रपोझल' हा उपरोधिक निबंध १७२९ मध्ये डब्लिनला निनावी छापला गेला. त्यातला बोलणारा गृहस्थ आयर्लंडची लोकसंख्या १५ लाख धरतो. त्यातून मुलं होऊ शकतील अशी २ लाख जोडपी काढतो, मुलं पोसणं परवडणारी ३० हजार वजा करतो, गर्भपात आणि वर्षाच्या आत दगावणारी मुलं यांचे ५० हजार वजा करतो, आणि गरिबांच्या घरी दरवर्षी जन्मणारी १ लाख २० हजार मुलं या आकड्यावर येतो. वजाबाकी चोख आहे. वाचक मान डोलावत जातो. आणि मग हाच गृहस्थ सांगतो की वर्षभराचं सुदृढ मूल शिजवून, भाजून, उकडून कसंही खाल्लं तरी चविष्ट लागतं. विश्वास बसला होता हे खरं; तो कशासाठी बसवला होता हे आत्ता कळतं. वाचकाच्या पोटात गोळा येतो तो निम्मा त्या प्रस्तावाने आणि निम्मा इतका वेळ आपण हिशोब तपासत बसलो होतो या जाणिवेने.

त्यातच आणखी एक. प्रस्ताव येण्याच्या बराच आधी नवजात मुलाच्या आईसाठी गुराढोरांच्या मादीचा शब्द आलेला असतो, बायकांचा उल्लेख 'ब्रीडर्स' (वीण देणाऱ्या) असा झालेला असतो. पहिल्या वाचनात हे शब्द नजरेखालून निसटतात, दुसऱ्या वाचनात अंगावर येतात. शब्द तेच, वाचक तोच, परिणाम दोन.

तुम्ही हे कसं लिहिता, कसं शिकवता? वाद घातलात तरी चालेल.

मिश्किल_मांजर

वाचनखूण साठवली.

'कबूल करतील' वाचून ऑफिसातल्या ईमेली आठवल्या. 'ॲज यू आर अवेअर' ने सुरुवात झाली की समजावं, यातलं आपल्याला काहीही माहीत नव्हतं आणि आता तसं म्हणायची सोय उरली नाही.

गणिती_डोकं

लेखन आवडलं, पण मूळ अडचण तशीच आहे. वाचकाला काय वाटलं हे तुम्हाला कळलं कसं? ऑर्वेलचं ते वाक्य वाचून मी कोणत्याही गटात जमा झालो नाही. मला तो माणूस आगाऊ वाटला. मग 'वाचक' म्हणजे शाईपेन, दुसरं कोण?

परिणाम मोजतात कसा ते सांगतो. एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर, १९७४. विद्यार्थ्यांना गाड्यांच्या अपघाताच्या फिल्म दाखवल्या आणि वेगाचा अंदाज विचारला. प्रश्नात फक्त क्रियापद बदललं. 'स्मॅश्ड' ऐकलेल्यांचा सरासरी अंदाज ताशी ४० मैलांच्या वर गेला, 'काँटॅक्टेड' ऐकलेल्यांचा ३२ च्या आत राहिला. दुसऱ्या प्रयोगात आठवड्याभराने विचारलं, फुटलेली काच दिसली होती का? फिल्ममध्ये काच फुटलीच नव्हती. 'स्मॅश्ड' ऐकलेल्या ५० जणांपैकी १६ जण 'हो' म्हणाले, 'हिट' ऐकलेल्या ५० पैकी ७. याला म्हणतात परिणाम.

आणि रूपकांबद्दल बोलताना तर जपूनच. थिबोडो आणि बोरोडिट्स्की यांचा २०११ चा निष्कर्ष असा की शहरातल्या गुन्हेगारीला 'हिंस्र पशू' म्हटलं तर लोक पकडा-डांबा छापाच्या उपायांकडे जास्त झुकतात, 'विषाणू' म्हटलं तर सामाजिक सुधारणांकडे. जिकडेतिकडे उद्धृत झालं. २०१४ मध्ये स्टेन आणि सहकाऱ्यांनी प्रयोग पुन्हा केला, रूपक नसलेला मजकूरही तुलनेला ठेवला, आणि त्यांना रूपकाचा तसा परिणाम आढळला नाही. त्यावर मूळ जोडीने पुन्हा उत्तर दिलं. प्रयोगशाळेत ही गत, तर सोळा वर्षांचं पोर 'हे रूपक वाचकाच्या मनात भीती निर्माण करतं' असं कोणाच्या जिवावर लिहितं?

शाईपेन

गणिती, 'आगाऊ वाटला' हे तुम्ही जे लिहिलंत ना, तेच मला मुलांकडून हवं असतं. त्या वाक्याने तुमच्याकडे काहीतरी मागितलं, तुम्ही द्यायला नकार दिलात. मागणी होती म्हणून तर नकार आला. विश्लेषणाला ती मागणी दाखवता आली पाहिजे. किती टक्के लोकांनी ती पुरवली, हा तुमच्या प्रयोगशाळेचा प्रश्न, आणि तो मोठाच आहे, पण निबंधाचा नाही.

'वाचक' कोण हेही मजकुरातून काढता येतं. मार्टिन ल्यूथर किंगचं बर्मिंगहॅमच्या तुरुंगातलं पत्र घ्या, तारीख १६ एप्रिल १९६३. ते आठ गोऱ्या धर्मगुरूंना उद्देशून आहे. त्यांनी आधी जाहीर निवेदन काढून वर्णभेदाविरुद्धची निदर्शनं अविचारी आणि अवेळी असल्याचं म्हटलं होतं. म्हणजे वाचक आधी कुठे उभा होता याचा लेखी पुरावाच आहे, अंदाज बांधायला नको. आता पुढे अन्यायी कायदा म्हणजे काय हे सांगताना किंग कोणाची नावं घेतो? संत ऑगस्टीन, थॉमस अक्वायनस, मार्टिन बूबर, पॉल टिलिक. 'थोर विचारवंतांचे दाखले देऊन ईथॉस निर्माण केला' असं लिहून मुलं पुढे जातात आणि सगळा नेम वाया घालवतात. त्या आठांत एक कॅथलिक बिशप होता, एक रब्बाय होता, बाकीचे प्रॉटेस्टंट. अक्वायनस कॅथलिकांचा, बूबर ज्यू, टिलिक प्रॉटेस्टंट. प्रत्येकाला त्याच्या घरचाच साक्षीदार. किंगला नाही म्हणायचं तर आधी आपल्या परंपरेला नाही म्हणावं लागतं. हे लिहायला सर्वेक्षण लागत नाही, पत्ता वाचावा लागतो.

जुना_पिंपळ

गणितींचा आक्षेप साहित्यसमीक्षेत जुनाच आहे. विम्सॅट आणि बिअर्ड्स्ली या जोडीने १९४९ मध्ये 'द अफेक्टिव्ह फॅलसी' लिहिला. त्यांचं म्हणणं, कविता काय आहे आणि कविता काय करते यांची गल्लत करू नका, केलीत की समीक्षेच्या जागी स्वतःच्या अंगावरच्या शहाऱ्यांचा अहवाल उरतो. बराच काळ हे प्रमाण मानलं गेलं.

१९७० मध्ये समीक्षक स्टॅन्ली फिशने ते उलटवलं. त्याचा आग्रह असा की वाक्याचा अर्थ काय हे विचारण्याऐवजी वाक्य काय करतं हे विचारा, आणि तेही एकेक शब्द पुढे सरकत. त्याचं उदाहरण माझ्या डोक्यातून आजवर गेलेलं नाही. सतराव्या शतकातल्या थॉमस ब्राउनचं वाक्य आहे. त्याची सुरुवात 'ज्यूडासने (येशूला दगा देणाऱ्या शिष्याने) गळफास घेऊन प्राण दिला हे' अशी होते. एवढं वाचून वाचक ते धरून चालतो आणि पुढे 'निश्चित आहे' किंवा तत्सम काहीतरी येणार म्हणून सज्ज होतो. पुढे येतं काय, तर याची बायबलात खात्रीशीर नोंद नाही! सारांश एका ओळीचा आहे: ज्यूडास कसा मेला हे नक्की माहीत नाही. पण वाचकाला आधी खात्री दिली आणि मग पायाखालून काढून घेतली, हा अनुभव त्या सारांशात कुठेच नाही. शाईपेनबाई जे 'आधी आणि नंतर' म्हणतायत ते हेच, फक्त फिश प्रत्येक शब्दाशी थांबतो.

फिशचं सगळं मला पटतं असं नाही. त्याचा वाचक फारच शहाणा आहे. इतक्या हळू आणि इतक्या लक्षपूर्वक कोणी वर्तमानपत्रातला लेख वाचत नाही. मन वळवणारं बरंचसं लेखन घाईतल्या वाचकावरच बेतलेलं असतं, आणि हे विश्लेषणात यायला हवं.

परीक्षार्थी

ताई, हे सगळं वाचायला भारी आहे, पण मी एपी इंग्लिश लँग्वेज ही अमेरिकी परीक्षा देतोय आणि तिथे अशा विश्लेषणाच्या प्रश्नाला सुचवलेला वेळ ४० मिनिटं. सहापैकी चार गुण दाखले आणि त्यांवरच्या भाष्याला आहेत, आणि माझे नेमके तिथेच जातात. किंगच्या त्याच पत्रावरचा माझा परिच्छेद मराठीत करून टाकतोय, जमेल तितका फाडा:

'किंगने ॲनाफोरा वापरून "व्हेन यू" हे शब्द पुन्हा पुन्हा लिहिले आहेत. यामुळे मुद्द्यावर जोर येतो आणि वाचकाला कृष्णवर्णीयांच्या दुःखाची जाणीव होते. लहान मुलीचं उदाहरण पॅथॉस निर्माण करतं, त्यामुळे वाचकाला सहानुभूती वाटते.'

सर म्हणतात 'सो व्हॉट?' लिहून. दर वेळी.

जाहिरातवाला

परीक्षार्थी, तुझ्याकडे वळतो, आधी धंद्यातलं एक सांगतो. आम्ही कॉपी, म्हणजे जाहिरातीचा मजकूर, लिहितो तेव्हा ॲनाफोराबिनाफोरा कोणी म्हणत नाही. माझी पहिली बॉस छापील मसुद्यावर पेन्सिलीने एकच काम करायची. वाचणारा जिथे मनात 'हॅ, काहीतरीच' म्हणेल तिथे फुली मारायची. मग माझं काम, फुलीच्या आधीच्या ओळीत त्या 'हॅ'चा बंदोबस्त करायचा. मन वळवणं म्हणजे बव्हंशी या फुल्यांचा हिशोब.

व्हर्जिनिया वूल्फचं 'अ रूम ऑफ वन्स ओन' (१९२९) याच कारणासाठी मला फार आवडतं. अख्खं लेखन 'पण' या शब्दाने सुरू होतं. पण, तुम्ही म्हणाल, आम्ही तर तुम्हाला स्त्रिया आणि कथासाहित्य यावर बोलायला सांगितलं होतं, त्याचा स्वतःच्या खोलीशी काय संबंध? पहिली फुली तिने स्वतःच मारली. आक्षेप वाचकाच्या तोंडी घातला, त्यामुळे संभाषण आधीपासून चालू होतं असं वाटतं, आणि उत्तर ऐकून घेणं सभ्यपणाचं ठरतं. यातला शब्द कुठल्याही यादीत नाही.

आता धाग्याच्या पहिल्या वाक्याबद्दल. रेटॉरिकल प्रश्नाने वाचक विचार करू लागतो, हे कधी खरं आणि कधी साफ उलटं. पेटी, कॅसिओप्पो आणि हीसॅकर यांचा १९८१ चा अभ्यास आहे. विद्यार्थ्यांना एका नव्या परीक्षेच्या बाजूने युक्तिवाद ऐकवले, काहींना साध्या विधानांत, काहींना प्रश्नांच्या रूपात. ज्यांना सांगितलं की परीक्षा दुसऱ्याच विद्यापीठात येणार आहे, ते प्रश्नांमुळे जास्त लक्ष देऊ लागले. ज्यांच्या स्वतःच्या मानेवर ती येणार होती ते आधीच विचारात गढलेले होते, त्यांच्या विचारात प्रश्नांनी उलट खोडा घातला. म्हणजे तीच क्लृप्ती, आणि परिणाम विषय कोणाच्या गळ्याशी आहे त्यावर.

परिणाम फसतोही, आणि फसलेला परिणाम लिहायला मुलं घाबरतात. 'यू मस्ट' चा मारा केला की वाचक हट्टाला पेटतो. जॅक ब्रेमने १९६६ मध्ये यावर सिद्धान्त मांडला, की निवडीचं स्वातंत्र्य जातंय असं वाटलं की माणूस ते परत मिळवायला उलट दिशेला जातो. 'लेखकाचा हा जोर त्याच्या बाजूच्या लोकांना सुखावतो, पण ज्याचं मन वळवायचं तो इथेच दूर जातो' असं एक वाक्य दहा 'सहानुभूती वाटते'पेक्षा वजनदार.

परीक्षार्थी, तुझ्या परिच्छेदात मला एकही फुली दिसत नाही. ते धर्मगुरू कुठे 'हॅ' म्हणाले असते? तिथून सुरू कर.

सरळसोट

थोडा विरोधी सूर लावतो. एवढं सगळं वाचून वाटतं की मन वळवणारी भाषा म्हणजे सभ्य शब्दांत फसवणूक. गट पाड, आक्षेप तोंडी घाल, साक्षीदार पेर. ज्याच्याकडे खरा मुद्दा आहे त्याने साधं लिहावं आणि मोकळं व्हावं. ऑर्वेलचा सगळा निबंध हेच तर सांगतो. नि:शस्त्र गावांवर बॉम्ब टाकायचे आणि त्याला 'पॅसिफिकेशन' (शांतता प्रस्थापित करणं) म्हणायचं, हे त्याचं उदाहरण कोण विसरेल?

शाईपेन

उदाहरण चोख आहे, पण ते तो कसं देतो ते परत बघा. एका बाजूला गावांवर हवेतून मारा, माणसं रानोमाळ हाकलली, गुरं मशीनगनने मारली, झोपड्या पेटवल्या, असा एकेक तुकडा लावत नेतो, आणि मग कोरडेपणाने सांगतो की याला 'पॅसिफिकेशन' म्हणतात. क्रम उलटा केला असता, म्हणजे आधी शब्द आणि मग त्याचा अर्थ, तर ती व्याख्या झाली असती. या क्रमाने तो शब्द वाचकाच्या कानावर पडतो तेव्हाच खोटा वाटतो. साधं लिहिणं हीसुद्धा रचनाच, सरळसोट, आणि तिचा विशेष जोर याच्यात की ती रचना वाटत नाही. मला यात फसवणूक दिसत नाही, कारण ज्या गोष्टीकडे त्याने बोट दाखवलं ती खरी होती. फसवणूक कुठे सुरू होते हे ठरवायलाही आधी भाषा काय करते ते पाहावं लागेल.

सरळसोट

अर्धं पटलं. उरलेल्या अर्ध्यासाठी वेगळा धागा काढतो.

मिश्किल_मांजर

काढाच. शीर्षक साधं ठेवा, नाहीतर आम्ही विश्लेषण करू.

परीक्षार्थी

जाहिरातवाले काका, फुल्या शोधल्या. ते वाक्य परत वाचलं, तीनशेहून जास्त शब्दांचं एकच वाक्य आहे, सगळे 'व्हेन यू' अर्धविरामांनी जोडलेले. सुरुवात जमावाने आईबापांना मारण्यापासून होते. तिथे धर्मगुरू म्हणू शकतात, 'हे भयंकर आहे, पण हे आम्ही थोडंच केलं?' ही पहिली फुली. पुढे मात्र गोष्टी लहान लहान होत जातात. सहा वर्षांच्या मुलीला टीव्हीवर जाहिरात आलेल्या करमणुकीच्या बागेत का नेता येत नाही हे सांगताना बापाची जीभ अडखळते. मोटेलमध्ये जागा देत नाहीत म्हणून गाडीत अवघडून रात्री काढाव्या लागतात. मग 'गोरे' आणि 'काळे' अशा पाट्या. म्हणून नवीन परिच्छेद असा:

'धर्मगुरूंनी थांबायचा सल्ला दिला होता. किंग त्यांना "व्हेन यू" ने सुरू होणाऱ्या उपवाक्यांच्या मालिकेत शिरवतो आणि मुख्य वाक्य शेवटपर्यंत हाती देत नाही, त्यामुळे थांबायला सांगणाऱ्यांनाच वाचताना थांबावं लागतं. मालिका झुंडशाहीपासून सुरू होते. ती निषेधार्ह आहे हे वाचकाला आधीच मान्य आहे आणि तिच्यापासून स्वतःला वेगळं काढणं त्याला सोपं आहे. पण बाग, मोटेल आणि पाट्या हे त्याच्याच भोवतालचं रोजचं, कायदेशीर जीवन आहे. इथे वेगळं काढायला जागा उरत नाही. "यू" या संबोधनामुळे मुलीला उत्तर देणारा बाप तोच होतो. शेवटी "मग तुम्हाला समजेल" हे शब्द येतात तेव्हा वाचकाला किंगची घाई अविचारी म्हणायची असेल, तर नुकत्याच त्या बापाच्या जागी उभ्या राहिलेल्या स्वतःलाही अविचारी म्हणावं लागतं.'

मुलीबरोबर पाच वर्षांच्या मुलाचाही प्रश्न येतो, गोरे लोक आपल्याशी इतकं वाईट का वागतात असा. त्यावरही दोन वाक्यं लिहिली होती, इथे टाकली नाहीत.

जुना_पिंपळ

'थांबायला सांगणाऱ्यांनाच थांबावं लागतं' हे सही पकडलंस. 'पॅथॉस' हा शब्द एकदाही आला नाही, आणि काही बिघडलं नाही.

गणिती_डोकं

मीही ते वाक्य काढून वाचलं, आणि नाइलाजाने विश्लेषण करतोय. परिच्छेदात 'वाचक' दोनदा येण्याऐवजी जिथे धर्मगुरू म्हणायचंय तिथे धर्मगुरू लिही. पत्र पुढे मासिकांतून आणि पुस्तकातून जगभर वाचलं गेलं, त्या वाचकाने कोणालाही थांबायला सांगितलं नव्हतं. त्याच्यावरचा परिणाम वेगळा असणार. तो या वाक्यात धर्मगुरूंची झाडाझडती बघतोय.

दुसरं, शेवटच्या वाक्यात 'तुम्हाला समजेल की आम्हाला थांबणं का अवघड जातं' असं आहे. म्हणजे मालिकाभर 'यू' म्हणजे आमच्या जागी आलेले तुम्ही, आणि शेवटी 'यू' परत तुम्ही, कारण शेजारी 'वी' आलं. आत घेतलेल्या माणसाला शेवटच्या क्षणी परत त्याच्या खुर्चीत बसवलं. तुझा परिच्छेद म्हणतो तो अजून त्या बापाच्या जागीच आहे. मजकूर तसं म्हणत नाही.

परीक्षार्थी

अरे हो. पण मग 'स्वतःलाही अविचारी म्हणावं लागतं' हे उडतं का? आणि हे सगळं ४० मिनिटांत बसवायचं कसं?

शाईपेन

उडत नाही, बदलतं. तो परत खुर्चीत बसलाय, पण आता त्याला 'मला कल्पना नव्हती' म्हणता येत नाही. 'अविचारी'वालं वाक्य काढून हे लिही. मुलाच्या प्रश्नावरची दोन वाक्यं वहीतच राहू देत, तो मुद्दा मुलीच्या उदाहरणात येऊन गेला. ॲनाफोरा हे नाव कुठेतरी एकदा टाक, तपासणाऱ्याला बरं वाटतं. आणि 'यू'-'वी'ची नोंद शेवटी न ठेवता मुख्य वाक्य येतं तिथेच घाल, म्हणजे वेळ संपला तरी ती लिहून झालेली असेल.